बाबांची साखर विमानतळावर घसरली, पण सुरुवात सांगलीतच झाली होती

तुमची हकिगत आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला कळेल. बाबा ७२ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षांपासून, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला एक स्टेंट. आई ६७ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आणि दोन्ही गुडघे दुखरे. गेल्या वर्षी तुमच्याकडे शिकागोला यायला दोघं सांगलीहून गाडीने मुंबईला निघाले. रात्री पावणेतीनचं फ्रँकफर्टमार्गे विमान होतं. साडेअकराच्या सुमाराला सिक्युरिटीच्या रांगेत बाबा घामाघूम झाले आणि खालीच बसले. डॉक्टरांनी साखर तपासली तर ५२. साखर दिल्यावर अर्ध्या तासात ते नीट बोलू लागले, तरीही त्यांना विमानात बसू दिलं नाही. बॅगा परत आल्या, पासपोर्टवरचा शिक्का रद्द झाला आणि पहाटे चार वाजता दोघं परत सांगलीच्या वाटेला लागले. आता बाबा म्हणतात, मला यायचंच नाही. आईंना विमानतळाचं नाव काढलं तरी धडधडतं. तुमचे प्रश्न तीन: त्यांनी प्रवास करावा का, बरोबर डॉक्टर किंवा नर्स पाठवावी का, आणि भीती घालवायला एखादी गोळी आहे का.

मी अकरा वर्षं विमानतळाच्या वैद्यकीय कक्षात काम केलं, बहुतेक रात्रपाळीला. आता फिजिशियन म्हणून माझं क्लिनिक आहे. मुलाकडे निघालेले आईवडील आठवड्याला एक-दोन तरी तपासणीला येतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमचे तिन्ही प्रश्न विमानाबद्दलचे आहेत आणि बाबांना त्रास झाला तो जमिनीवर. तुम्ही स्वतःच लिहिलंय की संध्याकाळी साडेसातला बाबांनी गाडीत इन्सुलिन घेतलं, "कारण त्यांची रोजची वेळ तीच". जेवण काय, तर फूड मॉलवर अर्धी इडली. मिक्स इन्सुलिनमधला जलद भाग टोचल्यानंतर दोन ते चार तासांत सगळ्यात जोरात काम करतो. साडेसात अधिक चार, म्हणजे साडेअकरा. बाबा नेमके त्याच वेळी रांगेत उभे होते. त्याआधी सात-आठ तासांचा प्रवास झालेला, पाणी जेमतेम प्यायलेलं. वाटेत लघवीला कुठे थांबायचं, म्हणून म्हातारी माणसं सकाळपासूनच पाणी तोडतात.

म्हणजे विमान पावणेतीनचं असो की सकाळचं, ज्या दिवशी इन्सुलिन आत गेलं आणि जेवण गेलं नाही, त्या दिवशी बाबा घरच्या सोफ्यावरही असेच घामाघूम झाले असते. हे त्यांना असंच समजावून सांगा. आपलं शरीर विमानप्रवास झेपण्याच्या लायकीचं राहिलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलंय. तसं काहीही सिद्ध झालेलं नाही.

"साखर वर आली होती, मग जाऊ का दिलं नाही?" हा राग तुमच्या लिहिण्यात दिसतो, म्हणून त्या रात्रीच्या डॉक्टरांची बाजू सांगते. मिक्स इन्सुलिनमधला दुसरा, संथ भाग बारा तास आणि त्याहूनही जास्त काम करत राहतो. साखरपाण्याने आलेली साखर तासाभरात उतरते आणि खाली इन्सुलिन चालूच असतं. विमान उडाल्यावर दोन तासांनी बाबांची साखर पुन्हा उतरली असती, आणि तेव्हा आजूबाजूचे सगळे प्रवासी पांघरूण घेऊन झोपलेले असतात. शेजारच्याला वाटतं, आजोबांना छान झोप लागलीय. मी त्या जागी असते तर मीही त्या रात्री सोडलं नसतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचंही तेच. त्या गोळीने उतरलेली साखर वर आणली तरी काही तासांनी पुन्हा उतरते.

एक आजी मला अजून आठवतात. लातूरकडच्या, मुलीच्या बाळंतपणाला मस्कतला निघालेल्या. विमानाच्या दिवशी संकष्टी होती. पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून उपवास मोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं. गोळ्या मात्र वेळेवर घेतलेल्या, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं "गोळी चुकवायची नाही". चेक-इनपाशी बॅग सव्वादोन किलो जास्त भरली. मग त्या आणि त्यांचा भाचा जमिनीवर उकिडवे बसून बॅग उघडून डिंकाच्या लाडवांचा डबा इकडून तिकडे करत होते. आजी उठल्या आणि कोसळल्या. मी पोचले तेव्हा कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं, हात बर्फासारखे थंड, साखर ४८. शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं. पेल्यात ग्लुकोज कालवून दिलं तर तोंड घट्ट मिटून मान हलवायला लागल्या. उपवास! मी कानाशी वाकून म्हटलं, "आजी, साखर उपासाला चालते." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी पेला धरून संपवला. पंधरा मिनिटांत गालांवर रंग आला. त्यांच्या गळ्यातल्या बटव्यात अंगाऱ्याची पुडी होती, पासपोर्ट होता, घडी केलेला रुमाल होता. खडीसाखरेचा एक खडा नव्हता. लाडू होते ते सगळे बॅगेत, आणि बॅग पट्ट्यावरून आत गेलेली.

ही एक आजी झाली, पण अकरा वर्षांत मी असे कितीतरी पेशंट पाहिले. प्रवासाचा दिवस हा रोजच्यापेक्षा वेगळा दिवस आहे, असं घर समजतं. जेवण "वरती मिळेलच", पाणी "नंतर पिऊ", बीपीची, लघवी वाढवणारी गोळी "आज नको", झोप नाही, निरोपाची रडारड, आणि परदेशातून दर वीस मिनिटांनी मुलाचा फोन: "पोचलात का? चेक-इन झालं का? गेट कुठलं?" शरीराला एवढंच समजतं की आज जेवण आलं नाही आणि धावपळ मात्र दुप्पट आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. प्रवास करावा का? हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि इथून मी शिक्का मारू शकत नाही. दोन वर्षं जुना स्टेंट, त्यानंतर छातीत दुखणं नाही, रोजचं फिरणं चालू, एवढं असेल तर निव्वळ स्टेंटमुळे विमान वर्ज्य होत नाही. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. म्हणजे सतरा-अठरा तास शिमल्याला बसल्यासारखं. रक्तातला ऑक्सिजन थोडा कमी होतो, आणि ज्यांचं हृदय आणि फुप्फुसं बरी आहेत त्यांना ते जाणवतही नाही. घरच्या घरी करायची एक ढोबळ चाचणी आहे. सपाट रस्त्यावर पन्नास मीटर न थांबता, धाप न लागता चालता येतं का, किंवा एक जिना दम न लागता चढता येतो का. आईंचे गुडघे जिना चढू देणार नाहीत, त्यांनी सपाटीवर चालून पाहावं. हे जमत नसेल, पायांवर नवी सूज असेल, आडवं पडल्यावर धाप लागते म्हणून रात्री उशा वाढवाव्या लागत असतील किंवा गेल्या काही आठवड्यांत छातीत दुखलं असेल, तर तिकीट बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.

भीतीचं प्रमाण कळावं म्हणून एक आकडा सांगते. २००८ ते २०१० या काळात पाच विमान कंपन्यांच्या उड्डाणांतल्या वैद्यकीय प्रसंगांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ बारा हजार प्रसंग होते आणि प्रमाण निघालं दर ६०४ उड्डाणांमागे एक. त्यातल्या ३७ टक्के लोकांना चक्कर आली होती किंवा येता येता राहिली होती. चक्कर म्हणजे बहुतेक वेळा पाणी कमी, खाणं कमी, झोप कमी, आणि एकदम उठून उभं राहणं.

डॉक्टर किंवा नर्स बरोबर हवी का? तुमच्या आईबाबांना, सध्याच्या माहितीवरून, नको. वाटेत ऑक्सिजन लागणारा, स्ट्रेचरवरचा, नुकताच लकवा झालेला पेशंट असेल तर मी स्वतः आग्रह धरते. बाबांना डॉक्टरपेक्षा वेळेवर खाणं जास्त लागणार आहे. त्याच विमानाने जाणारं ओळखीचं कुटुंब मिळालं तर फार बरं. सांगली-कोल्हापूरकडून शिकागोला जाणारे कमी नाहीत, नातेवाइकांत विचारून पाहा.

आणि गोळी? आईंना अल्प्राझोलाम किंवा तसलं काही देऊ नका, मैत्रिणीने दिलेलं तर मुळीच नको. या वयात त्याने तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि विमानातल्या अरुंद वाटेत अंधारात बाथरूमला जाताना पडतो. बाबांना झोपेची गोळी दिली तर साखर उतरल्याचं कुणाला कळणारच नाही. बाबांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. स्टेंटनंतर त्यांना मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असण्याची शक्यता आहे, प्रिस्क्रिप्शन बघा. तिच्यामुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि हातांची थरथर दबते. घाम मात्र दबत नाही. एसीमधल्या गार टर्मिनलमध्ये बाबांना घाम फुटला तर आईंनी "काय होतंय?" विचारत न बसता ग्लुकोमीटर काढायचा. मीटर हाताशी नसेल तर तपासायची वाट न बघता तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तीन चमचे, आणि वर आल्यावर लगेच पोळी, बिस्किटं असं काहीतरी पोटभरीचं. माणूस गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि मदत बोलवायची.

आता बेत कसा करायचा ते सांगते. मी माझ्या पेशंटना सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते: निघायच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. ठाण्याला मावशी असेल, पनवेलला भाचा असेल, कुणी नसेल तर विमानतळाजवळचं साधं हॉटेल. बाबा संध्याकाळी साताला रोजच्यासारखे वरण-भात-भाजी जेवतील, ताट समोर आल्यावर इन्सुलिन घेतील, दोन तास पडतील आणि मग विमानतळावर जातील. गेल्या वर्षीचं सगळं रामायण या एका बदलाने टळलं असतं. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च जिवावर येतो, मला माहीत आहे. चुकलेल्या दोन तिकिटांचा हिशेब तुम्ही केलाच असेल.

इन्सुलिनचा प्रवासातला माझा नियम कडक आहे: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. एरवी हे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण विमानात जेवणाची गाडी शेजारच्या रांगेपर्यंत आली आणि हेलकावे सुरू झाले म्हणून परत गेली, असं होतं. प्रवासात अर्धा तास आधी घेण्यापेक्षा थोडं उशिरा घेतलेलं बरं, साखर थोडी चढली तरी त्या रात्री काही बिघडत नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा-साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे बाबांचा तो "दिवस" चौतीस-पस्तीस तासांचा होणार. त्यात किती युनिट, कधी, हे त्यांच्या डॉक्टरांनीच कागदावर लिहून द्यावं. तोपर्यंत हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवायचं आणि जागेपणी दर चार-पाच तासांनी साखर बघायची.

इन्सुलिन, मीटर, पट्ट्या, सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत कधीच नाही. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला चांगलं असलं तरी कामाचं राहत नाही. शिवाय बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर काय करणार? थोडे दिवस पुरेल एवढी जादा औषधं दोघांच्या पिशव्यांत वाटून ठेवा. सिक्युरिटीला प्रिस्क्रिप्शन दाखवलं की सुया आणि इन्सुलिन जाऊ देतात. फ्रुटीचा खोका मात्र १०० मिलीपेक्षा जास्त पातळ पदार्थ आत न नेण्याच्या नियमात अडकतो, म्हणून कोरडी साखर, खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. बाबांच्या शर्टाच्या खिशात एक, आईंच्या पर्समध्ये एक. पाणी आत गेल्यावर घ्या.

व्हीलचेअर. इथे मी थोडी थांबते, कारण याच मुद्द्यावर घरं अडतात. तुम्ही लिहिलंय, गेल्या वर्षी फक्त आईंसाठी मागितली होती, बाबा म्हणाले "मी काय अपंग आहे का?" फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेलं एक वयस्क जोडपं होतं. दोघांसाठी व्हीलचेअर सांगितलेली, पण हाताशी एकच आली. पत्नी खुर्चीत बसली आणि ऐंशी वर्षांचे आजोबा बरोबर चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. मला त्या बातमीत दंडापेक्षा ते दृश्य दिसत राहतं: पत्नीची खुर्ची पुढे चाललीय आणि हा माणूस तिच्याबरोबर राहायला पावलं उचलतोय. मी अशी कितीतरी जोडपी त्या लांबलचक वाटांवर पाहिली आहेत. म्हणून दोन माणसं, दोन खुर्च्या. एकच आली तर दुसरी येईपर्यंत दोघांनीही बसून राहायचं. पाच मिनिटं लागोत की पस्तीस. हे बाबांकडून आधीच कबूल करून घ्या. "तुमच्यासाठी नाही, आईला एकटीला कुणी कुठे नेऊन बसवलं तर तिला इंग्रजी येत नाही, तुम्ही शेजारी हवे" असं म्हटलं की बहुतेक वडील तयार होतात, आणि त्यात खोटं काहीच नाही.

मागणी तिकिटाबरोबरच नोंदवा, निदान ४८ तास आधी, आणि कुठल्या प्रकारची ते नीट सांगा. लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो, त्याचा एक प्रकार. जिना चढता येत नाही पण विमानात आत चालता येतं, तो दुसरा. अजिबात चालता येत नाही, तो तिसरा. आईंच्या गुडघ्यांना दुसरा लागेल, कारण विमान शिडीला लागलं तर पहिल्या प्रकारात त्यांना पायऱ्या चढायला लावतील. खुर्ची ढकलणारी मुलं एका वेळी अनेकांना सांभाळतात, एका जागी नेऊन बसवतात आणि पुढच्याकडे जातात. म्हणून बसवल्याबरोबर सांगायचं: "आधी बाथरूमला न्या." लाजून तास-तास बसणारे आजोबा मी पाहिले आहेत.

फ्रँकफर्टला दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा. तिथे इतर सोपस्कारांत वेळ जातो आणि धावपळ झाली की खाणं पुन्हा राहतं. परतीचा प्रवास पुढेमागे आखातातून असेल तर तिथल्या औषधांच्या नियमांकडे लक्ष द्या. कोडीन, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर तिथे निर्बंध आहेत. आपली स्वयंपाकातली खसखससुद्धा अमिरातीत चालत नाही.

एक कागद तयार करा, इंग्रजीत, एका पानाचा. नाव, वय, आजार, स्टेंटची तारीख, ॲलर्जी, औषधांची मूळ नावं आणि मात्रा, तुमचा फोन, विमानांचे क्रमांक. आपल्या दुकानातलं ब्रँडचं नाव जर्मनीतल्या डॉक्टरला काहीच सांगत नाही, क्लोपिडोग्रेल म्हटलं की जगात कुठेही कळतं. हा कागद पासपोर्टच्या पाकिटात. त्यासोबत डॉक्टरांचं ताज्या तारखेचं प्रवासास योग्य असल्याचं पत्र आणि शेवटचा ईसीजी. जुना ईसीजी फार मोलाचा असतो. नवा ईसीजी काढल्यावर त्यातला बदल जुना आहे की आत्ताचा, हे ठरवायला रात्री दोन वाजता माझ्याकडे दुसरं काहीच नसायचं. गेल्या वर्षीचा प्रसंग विमान कंपनीपासून लपवू नका. त्यांचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म असतो, तो मागा, डॉक्टरांकडून भरून घ्या आणि आठवडाभर आधी पाठवा. काउंटरवर ऐन वेळी आजार कळला की कर्मचारी घाबरतात, आणि घाबरलेला माणूस "नाही" म्हणतो. तोच आजार कागदावर आधी आलेला असेल तर बोलणं वेगळं होतं.

छातीत दुखण्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण बाबांना मधुमेह आहे. मधुमेहात हार्ट अटॅक कधीकधी छातीत कळ न येताच येतो. जबड्यात ओढ, दम लागणं, गार घाम, मळमळ, एवढंच. आणि आपल्याकडे त्याला पहिलं नाव मिळतं ॲसिडिटी. "इनो घेतो, बरं वाटेल, आता गेट बंद होईल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकल्यावर माझा हात आपोआप ईसीजीच्या वायरींकडे जायचा. साखर बघा, ती ठीक असेल आणि त्रास चालू असेल तर ईसीजी होईपर्यंत कुठल्याही विमानात बसायचं नाही. वैद्यकीय कक्ष शोधत चालत जायचं नाही. आहात तिथे बसा, जमिनीवर बसलात तरी चालेल, आणि जवळच्या जवानाला किंवा कुठल्याही कर्मचाऱ्याला सांगा. त्यांच्या वायरलेसवरून डॉक्टर तुमच्यापर्यंत येतात. घरातली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीच्या दुखण्यावरची गोळी, उभ्या उभ्या जिभेखाली ठेवू नका. तिने बीपी उतरतं, घामाघूम माणूस त्यानेच कोसळतो. ती आम्ही बीपी पाहून देतो.

आणि जर कुणी, तुमचे बाबा असोत की अनोळखी माणूस, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. दुसऱ्याला भिंतीवरची शॉक देण्याच्या यंत्राची पेटी आणायला पाठवा, तिच्यावर हृदयाचं आणि विजेचं चिन्ह असतं. यंत्र स्वतः बोलून सांगतं काय करायचं ते, आणि शॉकची गरज नसेल तर देत नाही. तुमच्याच शिकागोच्या विमानतळांवर १९९९ पासून या पेट्या मिनिट-दीड मिनिट भरभर चाललं की सापडतील अशा अंतराने लावल्या. पहिल्या दोन वर्षांत हृदयाची लय बिघडून कोसळलेल्या अठरा जणांपैकी अकरा वाचले. त्या अकरांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांना यंत्र वापरायचं प्रशिक्षण नव्हतं. तुम्ही बाबांना घ्यायला तिथल्या ओहेअर विमानतळावर जाल तेव्हा या पेट्या कुठे आहेत ते बघून ठेवा.

आता आईंची धडधड. त्यांनी नवऱ्याला डोळ्यांसमोर कोसळताना पाहिलंय, भोवती गर्दी, कुणी मराठी बोलत नाही, कागदपत्रं कुणाकडे ते माहीत नाही. ही भीती समजुतीने जात नाही, हातात काम दिलं की कमी होते. म्हणून साखर तपासायला आईंना आत्तापासून शिकवा. सांगलीत महिनाभर रोज संध्याकाळी त्यांनीच बाबांची साखर बघायची आणि वहीत लिहायची. विमानतळावर जाताना त्या "काही झालं तर काय करू" अशा मनाने जाणार नाहीत, त्यांना माहीत असेल पहिलं काय करायचं. छाती धडधडायला लागली तर श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ, आठ-दहा वेळा. पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि तो कागद, तिन्ही एकाच पाकिटात, एकाच माणसाच्या गळ्यात. बॅगेचं वजन घरी काट्यावर करा आणि मर्यादेपेक्षा दोन किलो कमीच भरा. मेतकूट तुम्हाला शिकागोतही मिळेल.

आणि तुम्ही फोन कमी करा. हे रागवून म्हणत नाही. काळजीपोटीच करता, पण फोन घेण्यासाठी बाबा रांगेत उभे राहून खिसे चाचपतात आणि आईंना वाटतं काहीतरी चुकलंय. तीन फोन ठरवून घ्या: घरातून निघताना, सिक्युरिटी झाल्यावर, गेटपाशी बसल्यावर. आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न "काय खाल्लंत?" हा असू द्या. गेट नंबर नंतर.

तिकीट काढण्याआधी बाबांना त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे पाठवा. आईंनी लिहिलेली वही आणि विमानांच्या वेळा घेऊन. तिथे तीन गोष्टी विचारायच्या: चौतीस तासांच्या त्या दिवसाचं इन्सुलिन कसं बसवायचं, प्रवासापुरती मात्रा कमी करायची का, आणि शेवटचा ईसीजी किती जुना आहे. वर्षाच्या पुढे गेला असेल तर त्याच फेरीत नवा काढून घ्या आणि त्याचा फोटो तुमच्याही फोनमध्ये ठेवा.